दुसरा हुकूम

कारेलीबाग, बडोदे
ता. २० ऑक्टोबर २०२४

चि. संयोगिता,

तुला माझे आणि तुझ्या सासूबाईंचे भरभरून आशीर्वाद. आम्ही दोघं आमच्या वयाच्या मानाने धडधाकट आहोत. फोनवर मला तुझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्याला मी 'हो, हो' म्हणतो, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. म्हणून नेहमीसारखं कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय. मस्कतला तुझ्या शाळेचं ऑफिस सुटलं की खोलीवर जा, चहा कर आणि निवांत वाच.

इकडे ऊन अजून भाजून काढतंय. दिवाळीचा फराळ घरी करायचा की लहरीपुऱ्यातून आणायचा, यावर आमची रोज जुंपते. आईच्या हाताला प्लास्टर असल्यामुळे यंदा मी जिंकणार.

प्लास्टरवरून आठवलं. आठवलं असं नाही, तेच लिहायला बसलोय. मी तुला फोनवर 'आई बाथरूममध्ये घसरली' असं सांगितलं होतं. ती घसरली नाही. आपल्या शौर्यमुळे लागलं. मुद्दाम नाही, हे तुला सांगायला नकोच; एकोणीस वर्षांचा झाला, पण त्याने कधी मुंगीला दुखवलेलं नाही. यंदा सोसायटीने गरब्याचे स्पीकर बरोबर आपल्या गॅलरीखाली लावले. मी बहिरा, मी सुखी. त्याला मात्र मिक्सरचा आवाज सोसत नाही, आणि इथे संध्याकाळ झाली की भिंती हादरायच्या. पहिल्याच दिवशी तो कानांवर हात दाबून भिंतीवर डोकं आपटायला लागला. मी खाली जाऊन सांगितलं, पोराला ऑटिझम आहे, जरा आवाज कमी करा. 'अंकल, नव दिवस तो छे,' म्हणाले. पुढचे काही दिवस मी घरातल्या घरात निभावून नेलं, पण अष्टमीला जे व्हायचं ते झालं.

तर शौर्य सध्या घरी नाही. घाबरू नकोस, पुढे वाच. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही त्याला गावाबाहेरच्या एका मानसिक रुग्णालयात ठेवलंय. तू त्याला फोनवर बोलावलंस तेव्हा मी 'झोपलाय' म्हणालो, कारण हे सांगायला माझी जीभ रेटेना. आमचा फत्तेसिंह गेल्यावर तू नोकरीसाठी तिकडे जायचं म्हणालीस तेव्हा मीच सांगितलं होतं, निर्धास्त जा, शौर्य माझ्याकडे. ते सारखं मनात येतं.

जागा स्वच्छ आहे. पुढे बाग आहे, त्याला खिडकीजवळची खाट दिलीय, गुरुवारी आणि रविवारी भेटू देतात. मोठे डॉक्टर म्हणाले, औषधं लागू पडली की दिवाळीला घरी न्या. तिथे सगळे गुजराती बोलतात, तेवढी एक अडचण आहे. आपला शहाणा बोलतो मराठी, तेही उलटं. भूक लागली की 'शौर्य जेवला का?' असं विचारतो, कारण तू त्याला लहानपणापासून तसं विचारतेस. हे मी वॉर्डातल्या किरीटभाईंना नीट समजावलं. आणि आपला हुकूमही शिकवून आलो.

तुला लहरीपुऱ्यातली ती दिवाळी आठवत असेल. शौर्य लहान होता. कुणीतरी लवंगी माळ लावली आणि हा भर रस्त्यात लोळण घेऊन किंचाळायला लागला. तू आणि फत्तेसिंह त्याला उचलायला जात होतात, तो हाती येईना. माणसं जमली. मी शाळेच्या मैदानावरचा आवाज काढला, 'सावधान!' आणि पोरगं ताडकन उभं. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले, नजर समोर. माझे आजोबा गायकवाडी फौजेत होते, मी जन्मभर पी.टी. शिकवली, माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! मग 'विश्राम' म्हटलं, तर त्याने दोन्ही हात फडफडवले आणि खदाखदा हसला. तेव्हापासून तो आमचा दोघांचा खेळच झाला. कधी कधी स्वतःच समोर येऊन 'आबा, सावधान' म्हणायचा आणि मी 'विश्राम' म्हणेपर्यंत हसू दाबून उभा राहायचा. फत्तेसिंह म्हणायचा, बाबा, तुमचा एक तरी विद्यार्थी निघाला.

तू मात्र त्याला कधी हुकूम दिला नाहीस. तुला ते आवडत नाही, मला माहीत आहे. पण आज तेच उपयोगी पडतंय बघ. किरीटभाईंना करून दाखवलं तेव्हा ते बघतच राहिले. 'दादा, आ तो जादू छे!' म्हणाले. दोन्ही हुकूम सांगून आलोय. काळजी करू नकोस. तुझा मुलगा शिस्तीत आहे.

तुझे बाबा,
जयवंतराव शिर्के


कारेलीबाग, बडोदे
ता. २ नोव्हेंबर २०२४

चि. संयोगिता,

पाडव्याचे आशीर्वाद. सकाळपासून खालची मंडळी 'साल मुबारक' करून गेली. त्यात स्पीकर लावणारेही होते. त्यांना मी मठिया खाऊ घातले, चहा पाजला. सणाच्या दिवशी दारात आलेल्या माणसाशी काय भांडायचं?

तू गेल्या पत्रानंतर फोनवर इतकं बोललीस की आईने फोन माझ्या कानाला लावून धरला होता तरी मला निम्मं कळलं नाही. जे कळलं ते बरोबर होतं. विचारायला हवं होतं तुला. पण एक सांगतो, निर्णय चुकला नाही. शौर्यमध्ये सुधारणा आहे. इतकी, की तू त्याला ओळखणार नाहीस.

दिवाळीला आणता आलं नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, फटाके संपू देत, चांगलं चाललंय त्यात मध्येच हलवू नका. मला पटलं.

परवा आम्ही दोघं भेटायला गेलो. वॉर्ड इतका शांत होता, की मला वाटलं माझं कानाचं यंत्र बंद पडलं. काढून पुन्हा घातलं. बाकीची मुलं खाटांवर बसली होती आणि शौर्य भिंतीशी उभा होता. सरळ, ताठ. त्याची नजर आमच्यावरून गेली आणि पुन्हा समोर लागली. 'आवो दादा, तमारो दीकरो तो बहु डाह्यो थई गयो,' किरीटभाई म्हणाले, फार शहाणा झाला म्हणून. जेवायच्या वेळी सावधान, अंघोळीच्या वेळी सावधान, लादी पुसायची असली की सावधान. याच्यासारखा गुणी अख्ख्या वॉर्डात नाही, असं ते आणखी दोघांना ऐकवून म्हणाले. आपल्या शौर्यबद्दल बाहेरचं माणूस चांगलं बोलतंय, हे आपण आजवर कितीदा ऐकलंय, तूच सांग.

आईने त्याचा आवडता लीलो चिवडा नेला होता. पूर्वी तो डबा हिसकावून घ्यायचा, निम्मा सांडायचा, मग बटाट्याची सळी न सळी वेचून खायचा. आईने त्याच्या तळहातावर चिवडा ठेवला. त्याने मूठ मिटली नाही आणि हातही खाली केला नाही. चिवडा तसाच. तिने त्याचा हात धरून तोंडापर्यंत नेला आणि सोडला, तर हात तोंडापाशीच राहिला. मी म्हटलं, बघ, याला म्हणतात शिस्त. मैदानावर माझ्या पहिल्या रांगेतली पोरंसुद्धा एवढा वेळ हात उचलून धरत नव्हती. आईने आपल्या चांगल्या हाताने त्याचा हात हळूहळू खाली आणला आणि सांडलेला चिवडा पदरात गोळा केला.

पाय थोडे सुजलेत. किरीटभाई म्हणाले, बसून राहिला की असं होतं. वजन उतरलंय, पण ते जरा जास्तच होतं. बोलत फारसा नाही. 'शौर्य जेवला का?' असं त्याने एकदाही विचारलं नाही, म्हणजे पोट भरत असणार.

निघताना मी 'विश्राम' म्हटलं. त्याला जरा वेळ लागला. औषधांनी गुंगी असते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

परत येताना आई रिक्षात रडली. नातू ओरडला तरी हिला रडू येतं आणि गप्प राहिला तरी येतं. मी तिला म्हटलं, तू ठरव काय हवंय ते. त्यावर तिने घरी आल्यावर बिनसाखरेचा चहा माझ्या पुढ्यात ठेवला.

तुला फोटो हवा होता तो काल पाठवलाय. गॅलरीतला आहे, हसरा, छान आलाय. वॉर्डात फोटो काढू देत नाहीत, म्हणून हाच ठेव सध्या. रजेसाठी धावाधाव करू नकोस. नाताळात येणारच आहेस, तोवर पोरगं घरी असेल आणि तुला दारात उभं राहून सलाम ठोकेल.

तुझे बाबा,
जयवंतराव शिर्के

संयोगिता, मी आई. हे अंघोळीला गेलेत. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, डाव्याने लिहितेय. फोटो जानेवारीतल्या उत्तरायणाचा आहे, मागे पतंग दिसतील बघ. 'जरा वेळ लागला' असं ह्यांनी लिहिलंय. शौर्य हललाच नाही. मी ओळखते माझ्या नातवाला, तो तिथे नव्हता. तू ये.


कारेलीबाग, बडोदे
ता. १२ नोव्हेंबर २०२४

चि. संयोगिता,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते शेवटी.

तू गुरुवारी सकाळी अहमदाबादला उतरतेस, हा निरोप मिळाला. तुझे फोन आले, मी घेतले नाहीत. बहिरेपणामुळे नाही. आईने पत्राखाली जे लिहिलं होतं ते फोटो काढताना मला दिसलं. कागद फाडून दुसरा लिहिता आला असता. बराच वेळ तो हातात धरून बसलो आणि तसाच पाठवला. माझ्याने जे लिहवत नव्हतं ते तिने डाव्या हाताने लिहिलं, आणि ते खोडण्याइतका मी अजून हलकट झालेलो नाही. आता मी लिहितो. तू इथे पोचण्याआधी तुला सगळं ठाऊक असायला हवं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, मी एकटाच तिथे गेलो. भेटीच्या वेळेच्या आधी. शौर्य त्याच भिंतीशी उभा होता. त्याची पँट ओली होती आणि पायांशी लादी ओली होती. ओठ फाटले होते. डोळे उघडे होते, आणि त्यावर माशी बसली तरी त्याने हात हलवला नाही. मी 'विश्राम' म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं. मग मैदानावरच्या आवाजात म्हटलं, तेव्हा बाकीची मुलं रडायला लागली. तो तसाच.

मी किरीटभाईंना विचारलं, अहो, तुम्ही याला विश्राम म्हणत नाही का? तो माणूस दुष्ट नाही हे लक्षात ठेव. एवढ्या वॉर्डाला दोघंच असतात आणि दोघंही थकलेले असतात. त्याने मला अगदी सरळ उत्तर दिलं. 'विश्राम शाने कहीए, दादा? पाछो चालु थई जाय.'

कशाला म्हणायचं, पुन्हा चालू होईल, म्हणून. मला त्याच्यावर ओरडता आलं नाही, संयोगिता. नवरात्रात आपल्या घरात मीही हेच मनाशी म्हणत होतो.

मी घरातल्या घरात निभावलं, असं तुला लिहिलं होतं ना? कसं निभावलं ते ऐक. खाली आरती सुरू झाली की मी त्याला आतल्या खोलीत न्यायचो, 'सावधान' म्हणायचो आणि दार ओढून घ्यायचो. गरबा संपला की 'विश्राम'. पहिल्यांदा केलं तेव्हा वाटलं, वा, काय युक्ती सापडली. तो ओरडत नव्हता, डोकं आपटत नव्हता, कुणाची तक्रार नव्हती. मी बाहेर टीव्ही बघत बसायचो. नंतर नंतर 'विश्राम' म्हटल्यावर तो हात फडफडवेनासा झाला, हसेनासा झाला, नुसता खाटेवर जाऊन पडायचा. मला वाटलं, दमला असेल. आई रोज म्हणायची, दार उघडा, पोराला माझ्याजवळ बसू द्या. मी तिला म्हणायचो, तू मध्ये पडलीस की तो बिघडतो.

अष्टमीला तिने माझं ऐकलं नाही. ती आत गेली आणि त्याला जवळ घ्यायला म्हणून हात धरला. तो उभाच्या उभा तिच्या अंगावर कोसळला आणि तिचं मनगट त्याच्याखाली सापडलं. तो तिच्यावर धावून गेला नव्हता. उभा राहून राहून पडला होता. त्या रुग्णालयात मोठ्या डॉक्टरांना मात्र मी सांगितलं, पोरगं अंगावर धावून आलं. ते त्यांनी कागदावर घेतलं आणि त्यावरून त्याला ती जड औषधं सुरू झाली. आई शेजारीच होती. तिने माझ्याकडे पाहिलं. ती माझी लाज राखायला गप्प राहिली, आणि त्याची किंमत पोराने भरली.

भाऊबीजेलाच मी तिथे भांडून, लिहून देऊन त्याला बाहेर काढलं आणि सरकारी दवाखान्यात आणलं. दोन माणसांनी धरून रिक्षात घातलं, तर त्याचे गुडघे वाकेनात. इथे डॉ. मोहना म्हणून एक मराठी मुलगी आहे, तुझ्याहून लहान. तिने त्याचा हात उचलला आणि सोडला. हात तिथेच राहिला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तो हात बघून मी तीनच दिवसांपूर्वी 'शिस्त' म्हणालो होतो.

ती म्हणाली, 'आजोबा, हा शांत झालेला नाही, अडकलाय. याला कॅटाटोनिया म्हणतात. ऑटिझम असलेल्या मुलांना या वयात होऊ शकतो. घरच्यांना वाटतं मूल सुधारलं, म्हणून फार उशिरा आणतात.' जुनी औषधं तिने थांबवली. सलाईन लावलंय, इंजेक्शनं चालू आहेत, नाकातल्या नळीने दूध देतात. हुकमाचं सगळं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, आवाज, भीती, औषधं, अशी बरीच कारणं असतात, सगळं स्वतःवर घेऊ नका. स्वभावाने फार चांगली आहे. मी विचारलं, पूर्वीसारखा होईल का? तिने त्याची सलाईनची नळी तपासली. मग म्हणाली, 'बरेच जण होतात. किती उशीर झालाय ते आत्ता कळत नाही.'

काल दुपारपर्यंत मला हे पत्र लिहायचं धैर्य नव्हतं. काल जे झालं त्यामुळे लिहितोय.

आई त्याच्या खाटेशी बसली होती. प्लास्टरचा हात मांडीवर, दुसरा हात त्याच्या उशीवर. ती काही म्हणत नव्हती, नुसती बसली होती. त्याची करंगळी हलली. आईने पाहिलं, आणि तिने हाक मारली म्हणून डॉ. मोहना आली, तिनेही पाहिलं. एकदा नाही, थांबून थांबून हलत होती, त्याला पूर्वी हात फडफडवायचे असले की आधी करंगळी हलायची तशी. मी बाहेर बाकावर होतो. आईने खूण केली आणि मी धावत गेलो.

मी एक शब्द बोललो नाही, देवाशप्पथ. नुसता दारात उभा राहिलो. त्याचे डोळे माझ्याकडे वळले आणि पडल्या पडल्या त्याच्या टाचा जुळल्या. हात मांड्यांना चिकटले. करंगळी थांबली.

मी बाहेर आलो. कुणी सांगायच्या आधी आलो. आज सकाळी आई एकटीच आत गेली, मी जिन्याखाली थांबलो. करंगळी अजून हललेली नाही.

म्हणून तुला सांगतो, नीट वाच. त्याला काही करायला सांगू नकोस. ऊठ, बस, बघ, काही नाही. 'विश्राम' तर म्हणूच नकोस. मी इतकी वर्षं समजत होतो, की त्या शब्दाने पोरगं मोकळं होतं. तोही हुकूमच होता. मी परवानगी दिल्याशिवाय ते हसतसुद्धा नव्हतं. आपल्या घरात तू एकटीच अशी आहेस, जिने त्याला कधी हुकूम दिला नाही, फक्त विचारलंस. त्याच्याजवळ बस आणि विचार, 'शौर्य जेवला का?' उत्तर आलं नाही तरी विचारत राहा.

अहमदाबादहून बडोद्याला यायला गाडी ठरवलीय. मी न्यायला येणार नाही. आई दवाखान्याच्या दारात उभी असेल. मी रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीशी असेन. त्याच्या खोलीची खिडकी त्या बाजूला नाही, मी पाहून घेतलंय. डबा, औषधं, जे लागेल ते आईच्या हाती पाठवीन. तो घरी यायचा झाला तर मी घडियाळी पोळीत माझ्या जुन्या मित्राकडे, प्रतापरावांकडे, राहायला जाईन. त्यांच्याशी बोलून ठेवलंय. माझे कपडे आईने बांधून ठेवलेत. तिने बांधताना मला 'नका जाऊ' म्हटलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

तुला माझे आशीर्वाद. शौर्यला माझे आशीर्वाद सांगू नकोस. माझं नावही त्याच्यासमोर काढू नकोस.

त्याचा आबा